पाहिलं का ऐकलं

टेलरताईकडे कपडा शिवायला टाकला की तो सांगितलेल्या दिवशी काही मिळत नाही, हे वरच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळ्या बायका तिच्याकडेच टाकायच्या. एक तर तिचा हात चांगला होता. दुसरं म्हणजे उशीर कशामुळे होतो, हेही गल्लीला माहीत होतं. तिच्या शिवणयंत्राच्या खणात, बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांशेजारी, एक जुना बटणांचा फोन असायचा. तो वाजला की ती पायडल सोडायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि समोरच्याला पहिलाच प्रश्न विचारायची, "पाहिलं का ऐकलं?" ऐकलं असं उत्तर आलं की पायांत चपला सरकवून निघालीच. अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच राहायची.

गल्ल्या दोन, वरची आणि खालची. मधे मोठा रस्ता. सहा वर्षांपूर्वी या दोन गल्ल्यांत अकरा दिवस जे चाललं होतं, त्याला कुणी दंगल म्हणतं, कुणी लढाई. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, ते नुसतं 'तेव्हा' म्हणतात. तेव्हापासून रस्त्याच्या वरच्या कडेला सिमेंट भरलेली डांबराची पिंपं रांगेने उभी आहेत. पूर्वी याच रस्त्यावरून माणसं दाढीला, औषधाला, पंक्चर काढायला इकडून तिकडे जात. आता त्याच कामांसाठी मैलभराचा वळसा घालतात. रस्ता ओलांडायला चाळीस पावलं लागतात. टेलरताईने मोजली आहेत.

तेव्हाची सुरुवात झाली पाण्याच्या टाकीपासून. टाकी खालच्या गल्लीच्या टोकाला, पाणी मात्र दोन्हीकडे जाणारं. एका दुपारी वरच्या गल्लीत आवई उठली की टाकीत विष टाकलंय. ताईचा धाकटा भाऊ नळाची कामं करायचा. "अगं, असं कसं कुणी टाकेल? मी बघून येतो," म्हणाला आणि पाना घेऊन निघाला. त्या दिवशी दोन्ही गल्ल्यांत मिळून बघायला जाणारा तो एकटाच. तो परत आला नाही. रस्त्याच्या कोणत्या बाजूच्या माणसांनी त्याला मारलं, तेही कधी कळलं नाही. टाकीत काही म्हणजे काही नव्हतं. तेच पाणी त्या रात्री सगळ्यांनी प्यायलं.

महिन्याभराने ती एकेकाच्या दारात जाऊन उभी राहू लागली. तू पाहिलं होतंस का रे? नाही ताई, ऐकलं होतं. कुणाकडून? अमक्याकडून. मग ती अमक्याच्या दारात. असं करत ती सतरा माणसांपर्यंत पोचली आणि सतराव्याने पहिल्याचंच नाव सांगितलं. ताई घरी येऊन यंत्रावर डोकं ठेवून रडली. आपला भाऊ गेला कशापायी, तर सतरा जण एकमेकांना सांगत होते यापायी.

रस्त्यापलीकडे दवाखान्यातला कंपाउंडर याच प्रश्नाने हैराण झाला होता. त्या अकरा दिवसांत त्याने चाळीस माणसांना टाके घातले होते, आणि प्रत्येकाला टाके घालता घालता विचारलं होतं की तुम्ही गेला होतात कशाला. एकालाही धड सांगता आलं नव्हतं. या दोघांची गाठ पडली ती टाकीखालीच. त्यातून समिती झाली. पाच माणसं इकडची, पाच तिकडची. अध्यक्ष नाही, कारण अध्यक्ष व्हायला एकदम सहा जण तयार झाले होते. बाहेरगावच्या एका संस्थेने येऊन फळ्यावर बरीच वर्तुळं काढली, टोप्या वाटल्या, खुर्च्या दिल्या. टोप्या कुठे गेल्या देव जाणे, खुर्च्यांचे पाय मोडले. दोन फोन मात्र कामाचे निघाले. एक ताईकडे राहिला, एक कंपाउंडरकडे.

नियम तीनच होते. कानावर आलेली गोष्ट आपल्या तोंडून पुढे जाता कामा नये. दहा मिनिटांच्या आत कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. तिसरा नियम ताईने हट्टाने घालायला लावला. न पाहिलेलं 'पाहिलं' असं जो सांगेल, त्याने त्याच दिवशी फोन खाली ठेवायचा. त्यानंतर त्याचं बोलणं कायम 'ऐकलं'च्या रकान्यात.

"फार कडक आहे ताई," कंपाउंडर म्हणाला होता. "माणूस आहे, चुकतो."

"चुकू दे की. फोन ठेवून चुकू दे."

शाळेच्या वहीत मधोमध लाल रेघ मारून दोन रकाने केले होते. पलीकडे ट्रकभर काठ्या उतरल्या, असं ऐकलं. पाहिलं तर दवाखान्याच्या छपरासाठी बांबू. टाकीत कुणीतरी पांढरी भुकटी टाकतंय, असं ऐकलं. पाहिलं तर पाणीखात्याचा माणूस औषध टाकतोय आणि सकाळपासून उपाशी आहे. भिंतीवर धमकी लिहिलीय, असं ऐकलं. पाहिलं तर कुणीतरी कुणाच्या तरी पोरीवरचं आपलं प्रेम चुन्याने जाहीर केलेलं. पाच वर्षांत अशा दोनशे चौदा नोंदी झाल्या. ताई जे 'पाहिलं' म्हणाली, ते एकदाही खोटं निघालं नाही. तिने 'पाहिलं' म्हटलं की वरच्या गल्लीत पुढे कुणी विचारत नसे. तोंडावर तिला ताई म्हणत, पाठीमागे 'पाहिलं-का'. तिला दोन्ही माहीत होतं आणि दुसरं नाव तिला मनातून जास्त आवडायचं.

ताईचा नवरा ट्रकवर, पंधरवड्याने घरी. घरात ती आणि सासरे. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं दुकान होतं खालच्या गल्लीत, दवाखान्याला लागून. तेव्हा ते जळलं. पण गेल्या दोन वर्षांत म्हातारबाबांच्या डोक्यातून जे काय काय निसटत गेलं, त्यात 'तेव्हा'ही निसटलं होतं. सकाळ झाली की, "सूनबाई, किल्ली दे, दुकान उघडायला उशीर झाला."

"आज सुट्टी आहे, बाबा."

"कालही सुट्टीच होती."

मग ते बाकावर बसून राहायचे, खिशातलं डोळ्याला लावायचं भिंग पुसत. ताई बाहेर निघाली की दाराला बाहेरून कडी घालायची. एके दिवशी दुपारी चारला फोन वाजला, कोपऱ्यावर अनोळखी गाडी थांबलीय म्हणून. ती घाईघाईने बघायला गेली. गाडीचं इंजिन तापलं होतं, दुसरं काही नव्हतं. परत आली तर दार सताड उघडं. कडी घालायची राहून गेली होती. बाक रिकामा.

ती गल्लीतून धावत कोपऱ्यावर आली. तिथे पाच-सात माणसं पिंपांकडे बघत उभी होती. एका पिंपाच्या बुडाशी बाबांची एक चप्पल पडली होती. पट्ट्याला रक्त लागलेलं. पिंपाच्या कडेवरही रक्ताचा ओघळ.

"दोघांनी दंडाला धरून नेलं म्हणे," कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणाली. ती रडकुंडीला आली होती.

एरवी हे 'म्हणे' ताईने तिथल्या तिथे धरलं असतं. म्हणे म्हणजे कोण म्हणे, कधी म्हणे, तू कुठे होतीस, असं विचारून भाजीवालीच्या नाकी नऊ आणले असते. आज ते तिच्या कानांत शिरलंच नाही. तिला दिसत होती ती फक्त चप्पल. आणि चपलेपलीकडे, कितीही नको म्हटलं तरी, हातात पाना घेऊन रस्ता ओलांडणारा भाऊ.

समोरच्या दुकानातून वेल्डर बाहेर आला. पंचविशीचा, तापट, पण ताईला मानणारा. काळा मुखवटा डोक्यावर उलटा, हातात कापलेला रॉड. "काय झालं? ताई, पाहिलं का ऐकलं?" त्याने सवयीने विचारलं. उत्तर 'ऐकलं' असंच येणार, आणि मग ताई आपल्यालाच चार शब्द सुनावणार, याची त्याला खात्री असावी.

"पाहिलं," ताई म्हणाली.

एकच शब्द. तो बोलताना तिला बरं वाटलं, हेही सांगून टाकायला हवं. सहा वर्षं दोन्ही बाजूंना समजून घेता घेता तिच्या पोटात जे साचलं होतं, ते त्या शब्दाबरोबर बाहेर पडलं. एकदा तरी कुणीतरी दोषी असावं, असं तिला वाटलं. क्षणभरच. पण तेवढ्यात शब्द तोंडातून गेला होता.

वेल्डरने दुकानातल्या दोघांना हाक मारली. "ताईंनी पाहिलंय!" एवढीच हाक, आणि ती घराघरांतून पुढे गेली. शटरं धडाधड खाली आली. बायकांनी पोरांना दंडाला धरून आत ओढलं. कुणी गच्चीवर विटा चढवायला लागलं. कोपऱ्यावरचे सात जण बघता बघता साठ झाले. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय? ताईंनी पाहिलंय.

तिच्या हातातला फोन वाजला.

"ताई, बाबा माझ्याकडे आहेत," कंपाउंडर दबक्या आवाजात बोलत होता. "पिंपाला अडखळून पडले. अंगठ्याचं नख उखडलंय, मी पट्टी बांधलीय. चालता येईना म्हणून आमच्या दोघांनी दंडाला धरून आणलं. ठीक आहेत. पण दारात तीस-चाळीस माणसं जमलीत. तुमच्याकडचे लोक हत्यारं घेऊन निघालेत असं त्यांच्या कानावर आलंय. मी म्हटलं, पाहिलं का ऐकलं? तर म्हणतात, टेलरताईंनीच पलीकडे काहीतरी सांगितलंय. ताई, तुम्ही काय सांगितलंत?"

"मी 'पाहिलं' म्हणाले."

मग कंपाउंडर म्हणाला, "मग आता तुम्हालाच यावं लागेल. मी बाबांना घेऊन बाहेर पडलो, तर दोन्हीकडून दगड येतील."

ती घोळक्यात शिरली. "ऐका! मी काही पाहिलं नाही. बाबा पडले होते. दवाखान्यात आहेत, पट्टी बांधलीय."

"कोण म्हणालं?" वेल्डरने विचारलं.

"कंपाउंडरचा फोन आला आत्ता."

"म्हणजे ऐकलंत."

मागे कुणीतरी हसलं, पण वेल्डर हसला नाही. त्याला ताईला टोमणा मारायचा नव्हता. तो तिचाच नियम तिला सांगत होता. "त्यांनी म्हाताऱ्याला धरलंय आणि तुमच्याकडून वदवून घेतायत, ताई. मघाशी पाहिलं म्हणालात, तुमचा चेहरा बघितलाय मी. आता घाबरून बोलताय."

ती ओरडून सांगू लागली की मी खोटं बोलले. जितकं ओरडत होती, तितकी ती घाबरल्यासारखी दिसत होती. पाच वर्षं तिने या माणसांना शिकवलं होतं की पाहिलेल्यापुढे ऐकलेल्याची किंमत शून्य. ती माणसं नीट शिकली होती. तिला वाटलं, आपणच बांधलेल्या भिंतीवर आता डोकं आपटायची वेळ आली. कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीतले दोन शिपाई वरून माणसं मागवतोय असं सांगत चौकीतच बसून होते.

"मग तू चल," ती वेल्डरला म्हणाली. "माझ्याबरोबर. दोघंच. डोळ्यांनी बघ."

"आणि परत नाही आलो तर?"

"तर या सगळ्यांना कळेलच की. दहा मिनिटं. चल."

आता 'नाही' म्हटलं असतं तर साठ जणांसमोर भित्रा ठरला असता. तो निघाला. पिंपांपाशी ती थांबली आणि नुसती रॉडकडे बघत राहिली. त्याने एक शिवी हासडली, रॉड पिंपावर आडवा ठेवला आणि म्हणाला, "येताना घेईन."

पुढची वीस पावलं ती दोघं रस्त्याच्या अगदी मधोमध चालली, जीव मुठीत धरून, हात अंगापासून जरा लांब, दिसतील असे. पलीकडून एक दगड आला आणि दोन हातांवर पडला. वेल्डर जागीच थबकला. तेवढ्यात कंपाउंडर पांढऱ्या कोटात बाहेर आला आणि आपल्याच माणसांकडे तोंड करून ओरडला, "बघा नीट! किती आहेत? दोन. हातात काय आहे? काही नाही. पाहिलंत ना? मग आता हे ऐकलं म्हणून कुणी सांगायचं नाही!" लोक बाजूला झाले. फार नाही, एक माणूस जाईल एवढे.

आत दवाखान्याच्या टेबलावर बाबा बसले होते. पायाला पट्टी, डोळ्याला भिंग. भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी खाली उतरवून घेतलं होतं आणि त्याची चक्रं पट्टीच्या कापडावर ओळीने मांडली होती.

"बाबा, घरी चला."

"गिऱ्हाईकाचं काम अर्धं टाकून उठायचं नसतं," बाबा मान वर न करता म्हणाले. "तुझ्यासारखं नाही माझं." मग भिंगाचा डोळा वेल्डरकडे वळवला. "तू वेल्डरचा ना रे? बापासारखे जाड पंजे आहेत. ये, ही स्प्रिंग दाबून धर. सोडलीस तर तुझ्याच डोळ्यात जाईल."

आणि तो तापट माणूस, जो पाच मिनिटांपूर्वी खालची गल्ली पेटवायला निघाला होता, अंगठ्याने स्प्रिंग दाबून मुकाट्याने उभा राहिला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

पण वेळ थांबत नव्हती. ताईचा फोन वाजला. वेल्डरच्या दुकानातलाच एक जण. "दहा मिनिटं झाली. आम्ही येतोय."

कंपाउंडरने फोन वेल्डरच्या कानाला लावला. "येऊ नका रे! मी पाहिलं! म्हातारा घड्याळ जुळवतोय आणि मी स्प्रिंग धरलीय!" पलीकडे गलका झाला. हे ऐकून तर कुणाचाच विश्वास बसेना. याच्या मानेवर सुरी ठेवून काहीबाही बोलायला लावतायत, असंच सगळे म्हणाले.

ताई बाहेर आली. वरच्या गल्लीतला घोळका पिंपांपर्यंत आला होता. तिच्या मागे खालच्या गल्लीने दगड उचलले होते. ती रस्त्याच्या मधे येऊन उभी राहिली, दोन्हीकडे तिची एकेक बाजू राहील अशी, आणि घसा फाटेस्तोवर ओरडली.

"मी खोटं बोलले! मी काहीही पाहिलं नव्हतं. चप्पल पाहिली फक्त. मला राग आला होता. माझ्या भावाचा राग होता तो. मी खोटं बोलले, हे दोन्ही गल्ल्यांनी ऐका आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका! मी सांगते म्हणून मागे फिरू नका. या आणि बघा. दोघं दोघं या, बघा आणि जा!"

कुणी हललं नाही. मग भाजीवाली पुढे आली, पदरात हात गुंडाळून. "मीच 'म्हणे' म्हणाले होते," ती म्हणाली. "मी बघून येते." तिच्याबरोबर गल्लीतले मास्तर निघाले. दोघं चाळीस पावलं चालून गेली, दवाखान्याच्या दारातून डोकावली आणि परत आली. "आहेत," भाजीवाली सगळ्यांना सांगू लागली. "पाहिलं मी. घड्याळ जुळवतायत. मला म्हणाले, दारात उभी राहू नको, उजेड अडतो."

मग आणखी दोघं. मग आणखी. घड्याळ जुळायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात वरच्या गल्लीतली बावीस माणसं जाऊन बघून आली. ज्यांनी सहा वर्षांत तो रस्ता ओलांडला नव्हता, ती येताना खालच्यांच्या तोंडांकडे चोरून बघत होती, आणि खालचे यांच्या. हातातले दगड एकेक करत कुठे ठेवले गेले, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. साडेपाचला घड्याळाने टोला दिला. वेल्डरने अंगठा चोखत बाबांना पाठीवर घेतलं. पिंपावरचा रॉड उचलायचं तो विसरला.

त्या संध्याकाळी ताईने वही उघडली. नोंद दोनशे पंधरा. पाहिलं असं सांगितलं, ऐकलं होतं. सांगणार, मी. मग फोन बंद करून वहीवर ठेवला.

समितीने दोन दिवसांनी बैठक घेतली. झालं गेलं विसरा, म्हणाले सगळे. कंपाउंडर म्हणाला, वेल्डरला बोलावलं होतं तोही म्हणाला. "कुणी मेलं नाही ना, ताई?"

"मेलं नाही ते माझ्यामुळे नव्हे," ती म्हणाली. "त्या पाऊण तासाने वाचवलं. नियम आहे तो आहे." आणि फोन नि वही तिने वेल्डरच्या पुढ्यात सरकवली. तो नको नको म्हणत राहिला. तिने ऐकलं नाही. कपडे आता वेळेवर मिळायला लागले. बायकांना ते जरा चमत्कारिकच वाटलं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी ती गच्चीवर वाळत टाकलेला कपडा काढायला गेली आणि तिला दिसलं की पाण्याच्या टाकीवर दोन माणसं चढलीयत, झाकण उघडून आत वाकलीयत. तिचा हात आपोआप कमरेशी फोन शोधायला गेला. ती धावत खाली आली, वेल्डरच्या दुकानात.

"टाकीवर दोघं जण आहेत. झाकण उघडलंय."

वेल्डरने मुखवटा वर केला. त्याला विचारवेना. मग तो मान खाली घालून म्हणाला, "पाहिलं का ऐकलं?"

"पाहिलं," ती म्हणाली.

त्याने खणातून वही काढली. पेन दोन वेळा लाल रेघेपाशी थांबलं. मग त्याने ताईच्या समोर, तिचं बोलणं ऐकलेल्याच्या रकान्यात लिहिलं. ती बघत होती. तिला रडू आलं, आणि तिला त्याचा अभिमानही वाटला.

"मी बघून येतो," वेल्डर म्हणाला.

काहीही न घेता, रिकाम्या हातांनी तो निघाला. ती त्याच्यामागे पिंपांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तो रस्ता ओलांडून टाकीकडे वळला आणि दिसेनासा झाला. सहा वर्षांपूर्वी ती अशीच इथे उभी होती. तेव्हा पिंपं नव्हती, एवढाच फरक. ती पिंपाच्या कडेला घट्ट धरून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने तो वळणावर दिसला. लांबूनच हात हलवत होता. "झाकणाचा रबर बदलतायत, ताई!" तो ओरडला. मग रस्त्यावर आला आणि सरळ तिच्याकडे चालू लागला. तिने त्याची पावलं मोजली. चाळीस झाली आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.